गाळून घेतलेली स्मूदी

पिशवीला भोक पडलंय हे बोग्नाला चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत कळलंच नाही. मावशीनं सकाळी फ्रीझरमधून काढून दिलेली अरोनियाची दोन किलो गोठलेली फळं ट्रॉलीबसच्या उबेत वितळली होती, आणि त्यांचा काळपट लाल रस जिन्याच्या पायरी-पायरीवर ठिबकत वर आला होता. ऑक्टोबर संपत आला होता. पोलंडमधल्या लुब्लिन शहरावर तीन दिवस बारीक, कंटाळवाणा पाऊस पडत होता. बोग्नानं ओला कोट दाराजवळच टाकला, फळं सिंकमध्ये ओतली, हात मनगटापर्यंत रंगले... आणि दाराची घंटा वाजली.

दारात एक उंच माणूस उभा होता. जबडा एका बाजूनं सुजलेला, हनुवटीवर टाके, गालावर पिवळी-निळी छटा. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले.

"काय हवंय?" बोग्नानं विचारलं.

"रक्त," तो दात आवळून म्हणाला.

बोग्नानं धाडकन दार लावलं. कडी घातली, साखळी अडकवली, आणि पाठ दाराला टेकून उभी राहिली. एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात तिच्या दारावर येऊन आजवर कुणी रक्त मागितलं नव्हतं.

जरा वेळानं दाराखालून एक कागद आत सरकला. अक्षर सुंदर होतं.

'मी खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलोय. जबडा मोडल्यामुळे दात तारांनी बांधलेत, म्हणून असा बोलतो. जिन्यापासून तुमच्या दारापर्यंत रक्ताचे थेंब आहेत. तुम्ही ठीक असाल तर आतून दोनदा टकटक करा. नसाल तर मी दार तोडेन. पण माझा खांदाही दुखावलाय, तेव्हा कृपा करून टकटकच करा.'

बोग्नाला हसू आलं. कित्येक महिन्यांत असं एकटीला, आपोआप हसू आलं नव्हतं. तिनं दोनदा टकटक केली आणि मग दार उघडलं.

"रक्त नाही हो. अरोनिया." तिनं मूठ उघडून काळी, मटाराएवढी फळं दाखवली. "स्मूदीत घालायला आणलीत."

तो हसला. ओठ जेमतेम हलले, पण डोळे असे हसले की बोग्नानं नजर दुसरीकडे वळवली.

"तुम्ही काय खाता मग? असे तोंड बंद करून?"

त्यानं बोटांवर मोजल्यासारखं दाखवलं. "सूप. सूप. गाळलेलं सूप." थोडं थांबून, दातांमधून, "आणि परवा... सूप."

"थांबा," बोग्ना म्हणाली. "आत या. बसा तिथे."

त्याचं नाव कायेतान. संगीत नाटकगृहाच्या वाद्यवृंदात तो ट्रम्पेट वाजवायचा. ओल्या पानांवरून सायकल घसरली आणि हनुवटी फुटपाथच्या कडेवर आपटली, एवढीच काय ती कथा. सहा आठवडे तारा राहणार होत्या. त्यातले नऊ दिवस झाले होते. हे सगळं त्यानं थोडं बोलून, थोडं लिहून सांगितलं, आणि तेवढ्या वेळात बोग्नाच्या फडताळावरच्या बरण्याही न्याहाळल्या. लालचुटुक वाळलेली गोजी बेरी. ब्राझीलहून आलेली आसाईची जांभळी पूड. गोठवलेल्या ब्लूबेरी. काटेरी झुडपांवर लगडणाऱ्या रोकित्निक बेरीच्या केशरी, जहाल आंबट गराची बाटली. वाळवलेल्या अरोनियाचा मोठा डबा.

'औषधांचं दुकान आहे का?' त्यानं वहीत लिहिलं.

"सुपरफूड म्हणतात याला," बोग्ना जरा फणकाऱ्यानं म्हणाली. ज्या चष्म्याच्या दुकानात ती काम करायची तिथल्या बायकाही असंच चिडवायच्या. "रोज मूठभर घेतली तर शरीर आपलं आपण दुरुस्त होतं. हाडं लवकर सांधतात. मी वाचलंय."

पहिली स्मूदी फसली. केफिरचं आंबट दूध, केळं, अरोनिया आणि गोजी एकत्र फिरवून तिनं ग्लास पुढे केला. त्यानं नळीनं दोन घोट घेतले आणि मग गाल फुगवून विचित्र चेहरे करायला लागला.

"काय झालं? आवडली नाही?"

'गोजीचं साल तारेत अडकलंय,' त्यानं लिहिलं. खाली आणखी एक ओळ. 'आणि अरोनियानं तोंड आवळून येतं. माझं आधीच बांधलेलं तोंड तुम्ही आणखी बंद करताय. एवढा बोलतो का मी?'

बोग्नानं कपाटातून धुतलेलं मलमलचं फडकं काढलं. सगळी स्मूदी त्यातून गाळली, फडकं पिळून पिळून. दुसऱ्यांदा त्यानं ग्लास रिकामा करून खाली ठेवला. मग लिहिलं, 'नऊ दिवसांत पहिल्यांदा कशाला तरी चव आली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बोग्ना दुकानात जायच्या गडबडीत असताना घंटा वाजली. दारात कायेतान रिकामा, धुतलेला ग्लास घेऊन उभा होता.

*

त्या नोव्हेंबरमध्ये अख्ख्या इमारतीला ठाऊक झालं की सकाळी साडेसहाला चौथ्या मजल्यावर मिक्सर फिरतो. दुसऱ्या मजल्यावरच्या तेओफिलाबाई जिन्यात भेटल्या की डोळे मिचकावून विचारायच्या, "काय गं, आज कुठलं फळ?" आणि वर, "आमच्या वेळी मुली पोरांना डुकराचं मटण खिलवून नादी लावायच्या. तू तर जंगलातली बोरंच घालतेस."

"नादी कसलं लावतेय हो बाई... त्याचं हाड सांधायचंय," बोग्ना म्हणायची, आणि तिचे कान तापायचे.

पंधरा दिवस झाले तरी दोघं एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होते. एका रविवारी कायेतान म्हणाला, दातांमधूनच, पण आता तिला त्याचं सगळं समजायचं, "हे 'अहो-जाहो' फार झालं. पण 'तू' म्हणायचं तर रीत म्हणजे रीत. हातात हात अडकवून वोदका प्यायला हवी, आणि डॉक्टरांनी मला वोदका बंद केलीय."

"मग?"

"तुमची ती जांभळी चालेल."

दोघांनी स्मूदीचे ग्लास घेतले, कोपरात कोपर अडकवलं. त्याच्या ग्लासात नळी, तिच्या ग्लासात नाही. इतक्या जवळून तिला त्याच्या हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणा मोजता आल्या... सात. दोघांनी ग्लास रिकामे केले. रिवाजाप्रमाणे त्यानं तिच्या गालाला गाल लावला, अगदी जपून, दुखऱ्या बाजूनं नव्हे.

"कायेतान," तो म्हणाला.

"बोग्ना," ती म्हणाली. "तुझ्या मिशीला केफिर लागलंय."

"मला मिशी नाहीये."

"आता आहे."

त्याच दिवशी त्यानं खिशातून एक छोटी पकड काढून टेबलावर ठेवली. "ही कायम जवळ ठेवायची असते. उलटी झाली तर तोंड उघडता येत नाही, जीव गुदमरतो. मग तारा कापायच्या. इथे, इथे, आणि इथे." त्यानं तिचं बोट धरून आपल्या दातांवर टेकवलं. "एकटा असलो की मी कापेन. तुझ्यासमोर असलो तर तू कापायच्या. चालेल?"

"माझा हात थरथरेल."

"थरथरू दे. मी हलणार नाही."

तिच्यावर आजवर कुणी असा जीव सोपवला नव्हता. म्हणजे... सोपवला होता एकदा. पण ती गोष्ट ती कुणाला सांगत नसे. मिक्सर तिनं घेतला होता तो वडिलांसाठी. पक्षाघाताचा दुसरा झटका आल्यावर त्यांना घास गिळता येईना, बोलता येईना. दोन वर्षं तिनं त्यांना चमच्याचमच्यानं बेरी भरवल्या. कुठलं नवीन फळ बाजारात आलं, कुणी कुठे काय लिहिलं, सगळं त्या मिक्सरमध्ये गेलं. वडील मागच्या फेब्रुवारीत गेले. बरण्या मात्र राहिल्या, आणि मग त्या ती स्वतःसाठी वापरायला लागली, कारण सकाळी उठून काहीतरी करायला हवं होतं.

आता ती पुन्हा रात्री फोनवर वाचत बसायची. कुठल्या बेरीत कसला गुण, हाडाला काय लागतं. सकाळी ग्लास पुढे करताना सांगायची, "आज रोकित्निक जास्त घातलंय. एका आठवड्यात बघ फरक."

"बघतोय," तो म्हणायचा, तिच्याकडेच बघत.

*

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तारा निघाल्या. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली, दार उघडण्याआधीच बाहेरून हाक आली, "बोग्ना!"

उघड्या तोंडानं आलेला तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. खोल, मोकळा, जरा खरखरीत. ती दारामागे तशीच थबकली. इतके दिवस रोज भेटणाऱ्या माणसाऐवजी कुणी परका पुरुष आलाय असं वाटून ती लाजली.

"अगं, उघड. सहा आठवड्यांचं बोलायचंय."

"आता तुला पाव खाता येईल," ती दार उघडत म्हणाली. "स्मूदीची गरज संपली."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, खाली मान घातली, चपलेनं पायपुसणं सरळ केलं. "डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय. पण... हळूहळू घ्या म्हणाले. एकदम बंद करू नका."

"काय बंद करू नका?"

"अरोनिया."

"असं म्हणाले? जबड्याचे डॉक्टर?"

"शब्दशः."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी परक्या पाहुण्यासाठी मांडतात ती रिकामी थाळी त्या वर्षी रिकामी राहिली नाही. बोग्नानं लाल बीटचं सार केलं, कायेतान कार्प मासा घेऊन आला आणि तळताना अर्धा जाळला. सकाळच्या भेटी चालूच राहिल्या. आता त्यांचा एक खेळ झाला होता. कायेताननं डोळे मिटायचे, बोग्नानं ग्लास हातात द्यायचा, आणि त्यानं ओळखायचं, आज कुठली बेरी. चुकला तर भांडी घासायची. तो मुद्दाम चुकायचा, म्हणजे आणखी दहा मिनिटं थांबता येई.

ट्रम्पेट मात्र खालच्या मजल्यावर वाजत नव्हता. "अजून जबड्याला ताण नको," तो सांगायचा. मार्चमध्ये वाद्यवृंदाचे संचालक त्याला वाजवायला लावणार होते. जमलं तर जागा कायम, नाहीतर दुसरा कुणी. बोग्नाला काळजी नव्हती. हाड जुळलं होतं. बेरींनी जुळलं होतं, असं तिनं मनात धरलं होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी बाहेर बर्फ पडून गेलं होतं आणि स्वयंपाकघरात तो पांढरा, मऊ उजेड भरला होता. कायेतान खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

"मिटलेस?"

"मिटले."

"फटीतून बघतोयस."

"शपथ, नाही."

त्याच्या पापण्या स्थिर होत्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू दबलेलं. बोग्नाच्या हातात ग्लास होता... तिनं तो आवाज न करता टेबलावर ठेवला. श्वास रोखला. वाकली. आणि त्याच्या खालच्या ओठाच्या डाव्या टोकाशी, हनुवटीच्या किंचित वर, आपले ओठ टेकवले.

एक क्षण. दोन. तीन.

तो तसाच बसून होता. तेच दबलेलं हसू, तेच वाट बघणं.

"बोग्ना?" तो म्हणाला. "किती वेळ? आज काय झाडावरून तोडून आणतेयस?"

ती सरळ झाली. "झालंच," ती म्हणाली, आणि ग्लास त्याच्या हातात दिला. त्यानं घोट घेतला, विचार केल्यासारखं केलं. "रोकित्निक. आणि ब्लूबेरी."

"बरोबर."

एक जांभळट थेंब त्याच्या ओठाच्या डाव्या टोकावरून हनुवटीवर ओघळला. त्यानं पुसला नाही. महिनाभर ती असे थेंब रुमालानं टिपत होती आणि त्याला वेंधळा म्हणून चिडवत होती...

"कायेतान, इथे हात लावला तर कळतं तुला?"

त्यानं डोळे उघडले. ग्लास खाली ठेवला.

"नस तुटलीय," मग म्हणाला. "हाडाबरोबरच. तारा काढल्या तेव्हाच सांगितलं डॉक्टरांनी. जुळेल असं धरून चालू नका म्हणाले."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू ग्लास घेऊन उभी राहायचीस ना... तुझा चेहरा बघून सांगवेना. उद्या सांगू, परवा सांगू." त्यानं ओठांवर हात फिरवला. "ट्रम्पेटला फक्त ओठ लागतो, बोग्ना. बाकी सगळा पितळी पाइप. इथे मला हवा कुठून निसटते तेच कळत नाही."

ती रडायला लागली. तो उठला, तिच्याजवळ आला, आणि मग अचानक थांबला.

"तू मघाशी काय केलंस? मी डोळे मिटले होते तेव्हा?"

"काही नाही."

"बोग्ना."

"काही नाही म्हटलं ना!"

त्याला समजलं. त्याच्या कानापर्यंत लाली चढली, अगदी शाळकरी पोरासारखी. "पुन्हा कर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "इकडे. उजवीकडे. इथलं सगळं कळतं."

त्या दिवशी बोग्ना दुकानात दोन तास उशिरा पोचली, आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या चष्म्यांचे क्रमांक चुकवत राहिली.

*

सुख असं त्या दोघांना मिळालं ते त्या काही आठवड्यांचं. पण बोग्नाला ते निवांतपणे भोगता आलं नाही. आता तिला हाड नव्हे, नस सांधायची होती. चिलीहून येणारी माकी बेरी आली, तिची पूड. लाटव्हियातलं रोकित्निकचं तेल आलं. कामचात्काच्या लांबट निळ्या बेरी आल्या. कुठल्याशा बाईनं लिहिलं होतं की तिच्या पुतण्याच्या बोटातली संवेदना वर्षभरानं परत आली. बोग्नानं ते कायेतानला तीनदा वाचून दाखवलं.

"पुतण्या ट्रम्पेट वाजवायचा का?" त्यानं विचारलं.

"थट्टा करू नकोस. पी."

तो प्यायचा. सकाळी एक ग्लास, मग संध्याकाळीही एक. रोज ती एका बोटानं त्याचा ओठ चाचपायची. "आता? इथे? जरा तरी?" आणि तो, कधीकधी, तिच्यासाठी, "हो... जरासं वाटतं," म्हणायचा. ती त्याला मिठी मारायची आणि तिच्या केसांमागे त्याचा चेहरा कसा होतो ते तिला दिसायचं नाही.

मार्चच्या मध्याला तो वाजवायला गेला. बोग्नाही गेली. नाटकगृहाच्या मागच्या बोळकांडीत लाकडी बाकावर बसून ती बंद दाराकडे बघत राहिली.

आतून पहिला सूर आला. स्वच्छ, गोल. दुसरा, तिसरा. बोग्नानं दोन्ही हात छातीशी धरले. जमलं, जमलं... आणि चौथ्या सुरात हवा फुसकन निसटली. सूर तडकला. तो थांबला. पुन्हा सुरुवात. या वेळी दोनच सूर. पुन्हा. मग नुसती हवा, पितळेतून घरघरणारी. पुन्हा. तो थांबतच नव्हता. बोग्नानं कानांवर हात ठेवले, आणि मग काढले, कारण तिला वाटलं त्याला तिथे एकटं टाकल्यासारखं होईल.

शेवटी संचालकांचा आवाज आला, फार मायेचा. "कायेतान. पुरे, बाळा. पुरे."

तो पेटी हातात घेऊन बाहेर आला. चेहरा कोरडा होता. "चल," म्हणाला. "भूक लागलीय."

घरी बोग्नानं सकाळीच करून ठेवलेलं बार्लीचं सूप गरम केलं. दोघं समोरासमोर बसली. त्यानं चमचा बुडवला आणि तसाच धरून ठेवला. सुपावर एक जांभळी रेघ तरंगत होती, न विरघळलेल्या पुडीची.

"हे काय आहे?"

बोग्नाचा चेहरा उतरला. "माकी. थोडीशीच. चव लागत नाही तिची."

"किती दिवसांपासून?"

"सुपात? ... महिना झाला असेल."

त्यानं चमचा खाली ठेवला. त्याला ओरडता आलं असतं, पण तो ओरडला नाही, आणि म्हणून बोग्ना जास्त घाबरली.

"तेओफिलाबाईंनी मला सांगितलं," तो म्हणाला. "तुझ्या वडिलांबद्दल. शेवटच्या दिवशीही तू त्यांना चमच्यानं भरवत होतीस म्हणे."

"त्यांना बरं वाटायचं त्यानं."

"त्यांनी कधी म्हटलं नाही तुला, पुरे म्हणून?"

"त्यांना बोलता येत नव्हतं!"

"मला येतं," कायेतान म्हणाला. "पुरे, बोग्ना."

सूप गार होत गेलं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. तो उठून तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, तिच्या पाठीवर हात ठेवून.

*

तिनं बंद केलं. खरंच केलं. बरण्या तिनं खोक्यात भरून तळघरात नेऊन ठेवल्या. सकाळी आता टेबलावर पाव, उकडलेली अंडी, पनीर, चहा. साडेसहाला तो यायचा. दोघं खायची. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता.

"तू बघतेस," एका सकाळी तो म्हणाला.

"काय बघते?"

"मी चहा पितो तेव्हा. सांडतो का ते."

"नाही बघत."

"आत्ताही बघतेयस."

बोग्नानं नजर खिडकीकडे वळवली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "मला दुसरं काय बघायचं ते कळत नाही," ती म्हणाली. हे तिच्या तोंडून गेलं आणि दोघांनाही ऐकू आलं.

"माहितीये," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. तिचा हात हातात घेऊन तो बसला. "मी इथे खुर्चीत बसलो की आजारी होतो. तू समोर आलीस की मी आणखी आजारी होतो. तुझी चूक नाही. माझ्याकडे बघून तुझा जीव तुटतो, आणि तुझा जीव तुटताना बघून..." त्याला वाक्य पुरं करता आलं नाही.

दूर पोझ्नान शहरात त्याच्या ओळखीच्या एकाचा पितळी वाद्यं दुरुस्त करायचा कारखाना होता. पोचे काढायचे, झाकणं बसवायची, चकाकी द्यायची. ओठ लागत नाही त्याला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो निघाला.

स्टेशनवर ऊन होतं, थंड, नवं ऊन. तेओफिलाबाईंनी त्याच्यासाठी खसखशीचा केक दिला होता, तो बोग्नाच्या हातात होता. फलाटावर माणसं भराभर चालत होती.

"मला तू बरा व्हायला हवा होतास," बोग्ना म्हणाली. "ते खरंच आहे. पण मला वाटत होतं, तेवढ्यासाठीच मी... आणि तसं नाहीये. काल सगळा दिवस मी तुझ्या ओठाचा विचार केला नाही. नुसता तुझा केला. तू मासा जाळलास त्याचा." तिचा श्वास अडकला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, कायेतान. हे आधी सांगायला हवं होतं. मी आपली फळांची नावंच सांगत बसले."

त्यानं तिला जवळ घेतलं. तिच्या कपाळावर त्याची हनुवटी टेकली, टाक्यांची खूण तिच्या त्वचेला लागली. "माझंही आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच, तू तोंडावर दार आपटलंस तेव्हापासून."

"मग मी येऊ का? तिकडे?"

गाडी फलाटाला लागली, दारं उघडली, लोक चढायला लागले.

"आत्ता नको," तो म्हणाला.

"मग कधी?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हा माणूस जिन्यावरच्या थेंबांमागे एका अनोळखी बाईला वाचवायला आला होता. डिसेंबरपासून तो तिच्याशी थोडं थोडं खोटं बोलला होता, आणि दर वेळी तिच्यासाठीच.

"खोटं सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग."

"मे महिन्यात ये."

बोग्ना हसली. रडत रडतच हसली. "मेमध्ये," ती म्हणाली. "बरं. मेमध्ये येते."

केकचं पुडकं तिनं त्याच्या हातात दिलं. तो चढला, खिडकीशी आला, काचेवर हात टेकवून उभा राहिला. गाडी हलली. ती फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली, पळाली नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिनं दुकानातून रजा घेतली. दुकानातल्या बायकांना सांगितलं, पोझ्नानला जातेय. बॅग भरली. चेस्टनटच्या झाडांवर पांढरी फुलं येऊन गेली होती आणि रस्त्यावर त्यांचा सडा पडला होता. बॅग दाराजवळ ठेवून ती रोज सकाळी चहा करायची आणि फोन टेबलावर समोर ठेवायची.

गुरुवारी फोन वाजला.

"काय करतेयस?" कायेताननं विचारलं. त्याच्या मागे ठाकठोक ऐकू येत होती.

"काही नाही. चहा पितेय."

त्यानं तिला कुठल्याशा गावच्या अग्निशमन दलाच्या बँडचा ट्यूबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, आल्याचं सांगितलं. त्याच्यावरून ट्रॅक्टर गेला होता. चार दिवस ठोकून त्याला आकार आणला आणि आतून चिमणीचं घरटं निघालं. तो सांगताना हसला. बरा वाटत होता तो. खरंच बरा वाटत होता. हसला तसा तो तिच्या स्वयंपाकघरात शेवटी कधी हसला होता, ते आठवायचा तिनं प्रयत्न केला.

"आणि तू?" त्यानं विचारलं. "कशी आहेस?"

"छान," बोग्ना म्हणाली. "इकडे ऊन पडलंय."

मग दोघंही थांबली. ठाकठोक चालू होती. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि त्याला तिचा येत असणार. मे संपायला अजून तीन दिवस होते. एकच प्रश्न होता, अगदी ओठांवर आलेला. पण तिनं तो विचारला नाही, कारण विचारला असता तर या वेळी त्यानं खरं सांगितलं असतं.

"बरं," ती म्हणाली, "ठेवते मग."

फोन ठेवून ती थोडा वेळ बसून राहिली. मग उठली, दाराजवळची बॅग आत आणली, आणि एकेक कपडा काढून कपाटात लावायला लागली.